घरावर नोटीस आली, मुलाला पोलिसांनी नेले: मोफत कायदेशीर मदत घेताना या चुका टाळा

जिल्हा न्यायालयाच्या आवारातील, मोफत वकील देणाऱ्या विधि सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गृहकर्ज थकलेली कुटुंबे येतात आणि पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या मुलांचे पालकही येतात. हक्क दोघांनाही असतो; पण ते येईपर्यंत मुदत बहुधा सरत आलेली असते.

घराच्या बाबतीत पहिली चूक पोस्टमन दारात उभा असतानाच होते. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकून खाते अनुत्पादक (बुडीतकडे झुकलेले) ठरले की बँक 2002 च्या सरफेसी कायद्यातील, म्हणजे न्यायालयात दावा न लावता तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्यातील, कलम 13(2) खाली 60 दिवसांची नोटीस पाठवते, आणि ती घेण्यास नकार दिल्याने काहीच टळत नाही, कारण दारावर चिकटवून व वर्तमानपत्रात छापूनही ती बजावता येते. उलट ती स्वीकारून लेखी हरकत घेतल्यास बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. या हरकतीत नोकरी गेल्याची कहाणी सांगून थांबू नये. भरलेले पण जमा न दाखवलेले हप्ते आणि व्याजाची चुकीची आकारणी खातेउताऱ्यासह मांडावी व पोच घ्यावी. वसुलीला आलेल्या माणसाने दिलेला तोंडी शब्द येथे कामाला येत नाही.

सर्वांत महाग पडते ती पुढची चूक. दारावर ताब्याची नोटीस लागते, पण कुटुंब आत राहतच असते, त्यामुळे ‘अजून कुठे घर गेले आहे’ असे सगळे धरून चालतात. वास्तविक हा सांकेतिक, म्हणजे केवळ कागदोपत्री घेतलेला, ताबाही कारवाईच असून त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. तिथे अर्ज करण्यासाठी याच कायद्याच्या कलम 17 मध्ये दिलेले 45 दिवसही या कारवाईपासूनच धावू लागतात. ते दिवस काहीजण दिवाणी न्यायालयात घालवतात, जिथे याच कायद्याच्या कलम 34 मुळे असा दावा सहसा चालत नाही, तर काहीजण लोकअदालतीची वाट पाहतात, जिच्या तारखेने ही मुदत थांबत नाही.

‘आम्हाला पगार आहे, मोफत वकील कसा मिळेल’ हाही गैरसमजच आहे. 1987 च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट नाही; त्यामुळे पत्नी सह-कर्जदार असेल, आणि ती बहुधा असतेच, तर तिने स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

मुलांच्या प्रकरणात दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. हॉटेलात किंवा बांधकामावर काम मिळावे म्हणून वाढवून सांगितलेले वय मुलगा पोलिसांनाही सांगून बसतो, आणि घाबरलेले पालक गप्प राहतात. 18 वर्षांखालील मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, तर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, आणि तेही नसल्यास नगरपालिकेचा अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, त्याच दिवशी पोहोचवावा. वय ठरवण्याच्या वैद्यकीय चाचणीचा क्रम त्यानंतर लागतो. वयाचा मुद्दा खटला संपल्यावरही मांडता येतो खरा, पण तोपर्यंत पोर मोठ्यांच्या तुरुंगात राहिलेले असते.

15100 या क्रमांकावर फोन करून किंवा तालुका विधि सेवा समितीत साधा अर्ज देऊन वकील मिळतो. नेमलेला वकील तारखेला येत नसेल किंवा पैसे मागत असेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागावा.