तराफे टाकण्याआधी: दोराला काय बांधताय ते ओळखा

जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो आणि नद्यांचे गोडे पाणी किनाऱ्यालगत पसरते, म्हणून समुद्री शेवाळाची लागवड बंद ठेवावी लागते. पाऊस ओसरून पाणी निवळले की बियाणे, म्हणजे लावायचे जिवंत तुकडे, आणायची घाई सुरू होते, आणि या घाईत जे मिळेल ते ‘कोटोनी’ म्हणून तराफ्याच्या दोराला बांधले जाते. यंदा तसे करू नका.

व्यापारात ज्याला कोटोनी म्हणतात ते शेवाळ म्हणजे काप्पाफायकस अल्वारेझी. काप्पाफायकस कोटोनी ही वेगळीच जात आहे, पण जुने नाव बाजारात चिकटून राहिले. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरील विद्यापीठाचे शेवाळतज्ज्ञ मॅक्सवेल डोटी यांनी १९८५मध्ये या शेवाळाचे वर्णन युकेमा अल्वारेझी या नावाने केले आणि १९८८मध्ये त्यासाठी काप्पाफायकस ही स्वतंत्र प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली. हा नुसता नावाचा खेळ नव्हता. या शेवाळातून काप्पा प्रकारचे कॅरॅजीनन (जेली बनवणारा पदार्थ) मिळते, त्याची जेली घट्ट बसते. ‘स्पायनोसम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या युकेमा डेंटिक्युलेटममधून मिळते आयोटा प्रकारचे कॅरॅजीनन, त्याची जेली मऊ आणि लवचिक. दोन्ही एकाच ढिगात वाळवली तर कारखान्याला दोन्हींचा उपयोग राहत नाही आणि भाव पडतो तो तुमचा.

ओळखताना रंगावर जाऊ नका. हे लाल शेवाळांच्या गटातले असले तरी एकाच जातीत हिरवी, तपकिरी आणि लालसर झुडपे आढळतात. फांदीवरून बोट फिरवा. अल्वारेझीची फांदी गोल, मांसल आणि बरीचशी गुळगुळीत लागते. स्पायनोसमवर काट्यांसारखे उंचवटे कड्याकड्याने येतात. काप्पाफायकस स्ट्रायेटस मात्र अल्वारेझीच्या इतके जवळचे दिसते की खात्री जनुकीय तपासणीनेच होते. म्हणून बियाणे कुठून आले याची नोंद असलेल्या ठिकाणाहूनच घ्या. परदेशातून जिवंत शेवाळ आणायला केंद्रीय मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. कुणी पिशवीतून आणून दिले तर घेऊ नका, त्याबरोबर रोगही येतो.

आता पसरण्याविषयी, कारण मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. फिलिपिन्समधून हे शेवाळ जगभर लागवडीसाठी गेले. हवाईच्या कानेओहे उपसागरात १९७४मध्ये आणले गेले आणि पुढे तिथल्या प्रवाळांवर पसरले. ते काढायला समुद्रतळावरून शेवाळ खेचणारे पंप लावावे लागले, वर शेवाळ खाणारे स्थानिक समुद्री साळू (सी अर्चिन) सोडावे लागले. आपल्याकडे तमिळनाडूलगतच्या मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ प्रवाळांवर हे वाढल्याची नोंद २००८मध्ये झाली. याला बीज लागत नाही. तुटलेली बोटभर फांदी खडकात अडकली तरी तिचे झुडूप होते. आपल्याला पीक देणारा हा गुण प्रवाळाच्या मुळावर येतो. शेवाळ वर चढले की प्रवाळाला प्रकाश मिळत नाही.

म्हणून प्रवाळ असलेल्या जागेजवळ तराफा नको. नदीमुखही टाळा, खारटपणा उतरला की फांद्या मऊ पडतात. तराफ्याच्या तळाला जाळे बांधाच: शेवाळ खाणारे मासे अडतात आणि तुटके तुकडे वाहून जात नाहीत. सुमारे १०० ते १५० ग्रॅमचे कोवळे, टवटवीत तुकडे बांधा. जुनी, पांढुरकी फांदी बियाण्याला कधीच वापरू नका.

दर दोन-चार दिवसांनी दोर हलवून गाळ झाडा. फांदीवर पांढरे, मऊ पट्टे दिसले आणि तिथून ती गळू लागली तर तो आइस-आइस रोग. पाणी तापले, खारटपणा बदलला किंवा प्रवाह मंदावला की शेवाळ अशक्त होते आणि जिवाणू शिरतात. औषध मारून उपयोग नाही. रोगट भाग काढा, बाकीचे पीक लवकर काढून घ्या आणि तराफा वाहत्या पाण्यात न्या. केसांसारखे बारीक लाल शेवाळ फांदीवर रुजलेले दिसले तर ते झुडूप बियाण्यातून बाद करा.

साधारण ४५ दिवसांनी काढणी करा. वाळवण उंच मांडवावर किंवा जाळीवर घाला. वाळूत घातले तर वाळू चिकटते आणि व्यापारी वजन कापतो. काढणीनंतर उरलेला चुरा, रोगट फांद्या, दोराला अडकलेले तुकडे यातले काहीही समुद्रात परत टाकू नका. होडीतच टोपली ठेवा, किनाऱ्यावर आणा, भरतीचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी पूर्ण वाळवा आणि मग खतात मिसळा. काढणी झालेला तराफाही पाण्यात तसाच सोडू नका.