कमी पैशात, दूध-दह्याशिवाय: रूमवर राहणाऱ्या एकट्या माणसाचा महिन्याचा शिधा

पुण्यात पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचंच भाडं देऊन, राहून परीक्षेची तयारी करणारे, किंवा नुकती नोकरी लागलीय आणि अर्धा पगार घरी पाठवावा लागतो असे, आणि त्यात दूध, दही, तूप सोडलंय किंवा सोडायचं मनात आहे, अशांसाठी हे लिहितेय. पहिलंच काम म्हणजे टोफू, बदामाचं दूध, सोया मिल्कचे पॅक, व्हीगन (प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेलं) चीज हे यादीतून काढून टाका. नेटवर व्हीगन म्हटलं की आधी हेच दिसतं आणि माणूस घाबरून म्हणतो आपल्याला नाही परवडणार. भाकरी, मटकीची उसळ, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, आमटी-भात, यात दूध कधीच नव्हतं, आणि आपल्याकडे कित्येक घरांत वर्षानुवर्षं हेच शिजतंय. अवघड जातं ते आधी ठरवून सामान भरून ठेवणं, कारण डबे रिकामे असले की रात्री ९ वाजता भूक लागते आणि बाहेर खाण्यात पैसे जातात.

पैसे हातात आले की पहिल्या दोन दिवसांतच वाटणी करून टाका. जेवणासाठी जे काही ठेवलंय त्यातला निम्म्याहून जास्त भाग धान्य, कडधान्य, शेंगदाणे आणि तेलाला, तो लगेच खर्च करून मोकळं व्हायचं. उरलेल्याचे चार भाग, दर आठवड्याच्या भाजीला एक. थोडे पैसे गॅसला आणि बी-१२ च्या गोळ्यांना, आणि या गोळ्यांचे पैसे काही झालं तरी दुसरीकडे वळवायचे नाहीत, त्यावर पुढे बोलते.

बाजारात जायच्या आधी रेशनचं बघा. घरच्या कार्डात तुमचं नाव असेल आणि कार्ड प्राधान्य कुटुंब किंवा अंत्योदयचं असेल तर वन नेशन वन रेशन कार्डमुळे धान्य पुण्यातल्या रेशन दुकानातूनही उचलता येतं, आधार जोडलेलं पाहिजे आणि मशीनवर अंगठा लागतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो असतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. फक्त तेवढं गावाकडे कमी मिळणार, म्हणून आधी आईला फोन करून विचारा, तिथं लागत असेल तर हात लावू नका.

आता मुख्य यादी. भाव गावागणिक आणि आठवड्यागणिक बदलतात म्हणून वजनं सांगते, एका माणसाला दोन वेळ जेवण आणि सकाळचं काहीतरी धरून. ज्वारी ५ किलो, गहू ३, तांदूळ ३. तांदूळ साधा कोलम घ्या, आणि तेवढाही परवडत नसेल तर तुकडा तांदूळ मागा, खिचडीला आणि मऊ भाताला उत्तम लागतो आणि बराच स्वस्त पडतो. डाळी-कडधान्यं सगळी मिळून अडीच किलो, बेसन अर्धा, सोया चंक्स अर्धा, शेंगदाणे १ किलो, तेल १ लिटर, गूळ अर्धा किलो, जवस पाव, तीळ पाव. मग तिखट, हळद, मोहरी, जिरं, हिंगाची छोटी डबी, मीठ, चिंच किंवा आमसुलं, चहापूड. काळा मसाला घरून आणा, दुकानातला महाग पडतो.

अडीच किलोत काय काय घ्यायचं हे भाव बघून ठरतं. तूरडाळ सवयीची आहे पण बहुतेक वेळा तीच सगळ्यात महाग असते, म्हणून तूर अर्धा किलो आणि मसूरडाळ १ किलो असं करा. मसूर लवकर शिजते, भिजवायला लागत नाही, गॅस वाचतो. दोन्ही निम्मी निम्मी घालून वरण केलं तर तूर कमी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बाकी १ किलोत मटकी, हरभरे, चवळी, पांढरा वाटाणा, हुलगे, ज्याचा भाव त्या महिन्यात खाली असेल ते. आणि पिशवीवरचा भाव बघू नका, किलोचा भाव काढा, पावशेराची पाकिटं कायम महाग पडतात. चार रूममेट मिळून गुलटेकडीला मार्केट यार्डच्या भुसार विभागात एक चक्कर मारलीत आणि पोतं-अर्धं पोतं वाटून घेतलंत तर फरक खिशाला कळतो. घरी शेती असेल तर एसटीने येताना ज्वारी, डाळ, शेंगा घेऊनच या, यात लाजण्यासारखं काही नाही. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, तेव्हा घेतलेली ज्वारी चांगली मिळते आणि नीट वाळवून ठेवली तर टिकते.

एवढ्याने पुरेल का, प्रोटीनचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच पाहिजे, म्हणून हिशोब करून दाखवते. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम प्रोटीन लागतं. दिवसाला साधारण साडेतीनशे ग्रॅम धान्य पोटात गेलं की त्यातून तीसेक ग्रॅम येतं, हे लोक धरतच नाहीत. ८० ग्रॅम डाळ-कडधान्यातून अठराएक ग्रॅम, ३० ग्रॅम शेंगदाण्यातून ७. झाले ५५ च्या आसपास, बेसन आणि सोया अजून धरलेच नाहीत. सोया चंक्समध्ये कोरड्या १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे आठवड्यातून तीन वेळा मूठभर टाकले तरी पुष्कळ. आणि भाकरीच्या प्रोटीनमध्ये जे कमी असतं ते कडधान्यातून भरून निघतं, म्हणून नुसती भाकरी-चटणी किंवा नुसता भात-बटाटा असे दिवस सलग काढायचे नाहीत. पोट भरतं पण अंगाला लागत नाही. अभ्यासाच्या नादात सगळ्यात जास्त हेच होतं आणि मला याचीच काळजी वाटते.

दळणाची एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. ज्वारी पाचच्या पाच किलो एकदम दळून आणायची नाही. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना तुटते, आणि मग माणूस म्हणतो मला जमत नाही आणि ब्रेड आणतो. आठ-दहा दिवस पुरेल एवढंच दळा. बाजरीचं तर त्याहून कमी, ते लवकर कडू होतं. नवीन शिकणाऱ्याने उकळतं पाणी पिठात ओतून, दोन मिनिटं झाकून, मग मळावं, भाकरी सहसा मोडत नाही. एवढं करूनही वेळ नसेल तर त्याच पिठाचं कांदा-कोथिंबीर घालून धिरडं.

शेंगदाणे मात्र आणल्या आणल्या निवडायचे. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे सरळ फेकून द्या, चव कडू लागली तर थुंका, अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, ते भाजून जात नाही आणि लिव्हरला वाईट असतं. चांगले दाणे मंद आचेवर सगळे एकदम भाजून घ्या, कूट मात्र आठवड्याचंच करा नाहीतर खवट होतं. हा डबा भरलेला असला की निम्मं काम झालं. काकडीच्या कोशिंबिरीत दह्याऐवजी कूट आणि लिंबू, वांग्याच्या रश्शाला कूट, लसूण-तिखट घालून चटणी, आणि काहीच नसेल त्या दिवशी दाण्याची आमटी आणि भात. जवस आणि तीळ पण भाजून, लसूण-मीठ-तिखट घालून कुटून ठेवा. जवस अख्खे खाल्ले तर न पचताच बाहेर पडतात, कुटलेच पाहिजेत, ओमेगा-३ चं आपल्याला परवडणारं सामान हेच आहे. कॅल्शियमसाठी तीळ, आणि जमलं तर ज्वारीतलं एखादं किलो कमी करून नाचणी, तिची आंबील सकाळी एक ग्लास घेतली की दुपारपर्यंत तग धरतो. आंबिलीत ताक लागतंच असं नाही, पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवलं की सकाळी छान आंबूस होतं.

मोडाचं वेळापत्रक रूमच्या भिंतीवर लावा, खरंच लावा. रविवारी आणि बुधवारी सकाळी मटकी भिजत घालायची, एक वाटी, फुगून दुप्पट-अडीचपट होते. रात्री पाणी निथळून ओल्या फडक्यात गच्च बांधून चाळणीत झाकून ठेवायची. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच मोड दिसतात, आणि तेव्हा लगेच शिजवायची, जास्त ठेवली तर चिकट होते, वास मारतो. थंडीत रात्रीपर्यंत वाट बघावी लागते, गाठोडं डब्यात घालून डबा गोधडीत गुंडाळून ठेवला की येतात. पहिल्या वेळेला उसळ सुकी करायची आणि शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, त्याच पाण्याला लसूण-काळ्या मसाल्याची फोडणी आणि थोडी चिंच दिली की रात्रीच्या भाताला कट तयार. हरभरे आणि वाटाणे भिजवल्याशिवाय कुकरला लावू नका, गॅस जाळून पण दात लागत नाही. कुकर लावताना खाली डाळ, वर तांदूळ, आणि त्यावर एखादा बटाटा किंवा भोपळ्याची फोड, एका आचेत तिन्ही. घरचं मोठं सिलिंडर नसेल तर ५ किलोचं छोटं मिळतं, किंवा इंडक्शन, पण रूम मालकाला लाइट बिलाचं आधी विचारून घ्या.

भाजीला मंडईत संध्याकाळी उशिरा जा, विक्रेते उरलेला माल वाट्याने लावतात तेव्हा. घरी नेऊन लगेच निवडायची तयारी असेल तरच घ्या. आठवड्याला एक-दोन पालेभाज्या, एक फळभाजी, कांदे-बटाटे, लिंबं, मिरची-कोथिंबीर एवढं एका माणसाला पुरतं. थंडीत मेथी, मुळा, गाजर, पावटा हे खाऊन घ्या, तेव्हा सगळं उतरलेलं असतं. मुळ्याचा पाला आणि फ्लॉवरची कोवळी पानं फेकू नका, त्यांची पीठ पेरून भाजी होते. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालीची तीळ घालून चटणी होते, कोथिंबिरीचे देठ आमटीत जातात. सोसायटीत किंवा गावात शेवग्याचं झाड असेल तर पाला मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही, आणि तो कॅल्शियम-लोहाने भरलेला असतो. पावसाळ्यात भाज्या कडाडल्या की जास्त जीव काढू नका, तेव्हा सांडगे, वाळवलेली गवार, पिठलं, डाळकांदा. त्यासाठी उन्हाळ्यात घरून सांडग्यांचा एक डबा आणलेला असावा.

लोहासाठी दोन साध्या सवयी, उसळीवर लिंबू पिळायचं आणि जेवणाबरोबर चहा घ्यायचा नाही, तासभर तरी अंतर ठेवा. कढई लोखंडी असली तर अजून बरं, जुन्या बाजारात मिळते. मुलींनी तर हे मनावर घ्याच.

आता बी-१२. हे वनस्पतीतून भरवशाने मिळत नाही. इडली आंबवली, मोड आणले, स्पिरुलिना (शेवाळाची पावडर) खाल्लं, तरी नाही. दूधही बंद केल्यावर गोळी घ्यावीच लागते, आणि ही ऐच्छिक गोष्ट नाही. कमतरता हळूहळू वाढते, हातापायाला मुंग्या, थकवा, विसरायला होणं, आणि परीक्षेच्या ताणावर ढकलून आपण दुर्लक्ष करतो, नसांचं नुकसान मात्र कधी कधी भरून येत नाही. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत दाखवून डोस विचारा, आणि गोळी जनऔषधी केंद्रात मिळते का बघा, तिथं जेनेरिक असल्यामुळे स्वस्त पडते. कॅप्सूलचं आवरण प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचं असू शकतं, म्हणून साधी गोळी मागा.

एक वेळ मेस लावली असेल तर पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगून टाका, "काकू, माझ्या पोळीला तूप नको, आणि वरणाला तेलाचीच फोडणी असते ना?" बऱ्याच ठिकाणी तेलच असतं. ताक-दही घेत नाही म्हणून थोडे पैसे कमी करा किंवा उसळ वाढवून द्या असंही म्हणून बघा, काकू ऐकतात. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, तो शाकाहारीचा, त्यात दूध आणि मध चालतो. व्हीगनचा वेगळा लोगो एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने आणलाय, नियम २०२२ चे, पण स्वस्त बिस्किटांवर तो शोधत बसण्यापेक्षा मागे घटक वाचा, मिल्क सॉलिड्स लिहिलेलं असतं. बाहेर खायची वेळ आलीच तर पोहे, दह्याशिवाय मिसळ, उसळ. पावाला बेकरीत दूध किंवा बटर लावतात का ते एकदा विचारून ठेवा. घरी सणाला गेलात की पुरणपोळी तेलावर भाजून द्यायला आई तयार होते, आधी फोनवर सांगितलं तर, ताटावर बसल्यावर सांगितलं तर तिला वाईट वाटतं.

शेवटच्या आठवड्यासाठी अर्धा किलो मसूर, १ किलो तांदूळ आणि पाव किलो बेसन वेगळ्या डब्यात घालून मागे सारून ठेवा आणि २५ तारखेपर्यंत त्याला हात लावू नका. पैसे उशिरा आले, पाहुणा आला, आजारी पडलात, तर हाच डबा कामी येतो, मऊ भात-वरण आणि पिठलं यावर तीन-चार दिवस निघतात. मग २८ च्या सुमाराला सगळे डबे उघडून बघा, जे १५ लाच संपलं होतं ते पुढच्या यादीत पाव किलोने वाढवा, जे तसंच पडलंय ते काढून टाका, आणि तुरीचा भाव विचारून मगच मसूर किती घ्यायची ते लिहा.