गावांच्या फाइल जोडताना या चुका टाळा

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून दोन महिने झाले की हात शिवशिवायला लागतात. आपल्या तालुक्याच्या पाणीटंचाईचा नकाशा करू, म्हणून मी दोन फाइल घेतल्या: एकीत २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या, दुसरीत टँकरच्या खेपा. दोन्हींत गावाचं नाव होतं, त्यावरच जोडल्या. प्रोग्रॅम बिनतक्रार चालला आणि निम्मी गावं नकाशातून गायब!

चार संध्याकाळी प्रोग्रॅम तपासण्यात गेल्या. चूक तिथे नव्हतीच. ‘कऱ्हाड’ घ्या. कोणी ‘ऱ’ हे अक्षर घेऊन टाइप करतो, कोणी साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच, पायथनच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची ठरलेली पद्धत, वापरूनही ते एक होत नाहीत; आधी एक रूप ठरवून दुसरं आपणच बदलून घ्यायचं. वर एकाच नावाची गावं ती वेगळीच, पिंपळगाव नि वडगाव किती म्हणून सांगू? नावावर जोडूच नका. लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या सरकारी यादीत प्रत्येक गावाला कोड, म्हणजे स्वतःचा क्रमांक असतो, तो धरा.

कोडचीही एक गंमत आहे. जनगणनेत तालुक्याचा कोड पाच अंकी, सुरुवातीला शून्य. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये सहज डबल क्लिक करून उघडली की ते शून्य उडतं, आणि सेव्ह केली की कायमचं गेलं. पांडास या पायथनच्या लायब्ररीत फाइल वाचताना कोडचा रकाना मजकूर म्हणूनच वाचायला सांगा.

जिल्हेही जागेवर राहत नाहीत. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या ठाण्याची १ कोटी १० लाख लोकसंख्या आजच्या ठाण्याला लावली, तर दरडोई आकडा सपशेल खोटा. उस्मानाबाद-धाराशिव निदान नाव बदलून भागतं.

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक शेवटची. रिकाम्या रकान्यांत मी सरसकट शून्य भरलं. एक गाव नकाशावर हिरवंगार, टंचाई नाहीच. खात्री करायला ग्रामसेवकांना फोन लावला.

‘‘टँकर रोज येतोय हो,’’ ते म्हणाले, ‘‘तक्ता पाठवायचा राहिलाय.’’