जादुई वास्तववाद लिहिताय? या चुका टाळा

सदाशिव पेठेत दर रविवारी आम्ही दहाबारा जण नव्या कथा वाचतो. हल्ली त्यात एखादी तरी जादुई वास्तववादी, म्हणजे रोजच्या खऱ्या जगात चमत्कार अगदी साधी गोष्ट असल्यासारखा घडतो अशी, असतेच, आणि चुका त्याच त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चमत्कार घडला की पात्रांना थक्क करणं. एका मुलाने पानशेतच्या पुरावर कथा आणली होती. 12 जुलै 1961, पाणी चढतंय, आणि वाड्यातली आजी माडीच्या खिडकीतून उडून जाते. कल्पना सुरेख! पण पुढचं दीड पान शेजारीपाजारी तोंडात बोटं घालतात, नातू कारणं शोधतो आणि शेवटी सगळं स्वप्न ठरतं. मी विचारलं, "उडताना आजीच्या हातात काय होतं रे?" त्याला सांगता येईना. पूर पाहिलेल्या एकाही माणसाशी तो बोललाच नव्हता. त्याला तेवढ्यासाठी परत पाठवलं. महिन्याने आजी पितळी स्टोव्ह घेऊन उडाली आणि खालून सून ओरडली, "अहो आई, पिन इथंच राहिली!" बैठकीत कुणी हललं नाही.

कोलंबियाचा लेखक मार्केझ याच्या 1967 च्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' या कादंबरीत रेमेडिओस नावाची मुलगी चादरींसकट आकाशात जाते, तेव्हा घरातली फर्नांडा चादरी परत मिळाव्यात म्हणून देवाला विनवत राहते. त्याच कादंबरीत केळीमळ्यातल्या कामगारांना गोळ्या घातल्या जातात, आणि गाव म्हणतं, असं काही घडलंच नाही. तिथे विश्वास बसत नाही तो खऱ्या हत्याकांडावर. 1928 साली कोलंबियात ते घडलं होतं. हे न पाहता नुसती उडती माणसं उचलली, तर कथा पोकळच राहणार.

मी स्वतः चमत्काराआधी त्या खोलीतल्या वस्तू वहीत लिहून काढते. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

पिवळी फुलपाखरं नकोत. ती मार्केझची आहेत.

मुंजा आला की लगेच 'जादुई वास्तववाद' हे लेबल लावू नका. जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रो यांनी 1925 मध्ये हा शब्द चित्रकलेसाठी वापरला. 1949 मध्ये क्यूबाचे कादंबरीकार कार्पेंतिएर म्हणाले, अद्भुत आमच्या लॅटिन अमेरिकेच्या इतिहासातच आहे, ते युरोपीय अतिवास्तववाद्यांसारखं घडवावं लागत नाही. पुढे समीक्षक फ्लोरेस यांनी या शैलीचं युरोपीय लेखक काफ्काशी नातं जोडलं, दुसरे समीक्षक लेआल यांनी ते खोडून काढलं. आणि 1996 मध्ये चिलीचे लेखक फुगेत आणि गोमेस यांनी 'मॅकओंदो' हा कथासंग्रह काढून, आम्हा लॅटिन अमेरिकन लेखकांकडून चमत्कारांचीच अपेक्षा का, असा जाब विचारला. मला तो रास्त वाटतो. शहरातल्या मुलाने मॉलवर लिहावं की.

आणि मार्केझच्या अनुवादाची तीस पानं वाचून लिहायला बसू नका. आधी अख्खी कादंबरी वाचा, मग कथा घेऊन या.