आत ठेवायची गर्भनिरोधक गोळी: घाई केली की फसलं

ही गोळी गिळायची नाही, संबंधाआधी योनीत ठेवायची. हसू नका, माझ्या जावेनं माला-एनसारखी पाण्यासोबत घेतली होती.

मुदत बघा, हात धुवा. मे महिन्यात परभणीत पारा बेचाळिशीच्या पुढं जातो, तेव्हा पाकीट पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका.

आता खरं अवघड काम. पाठीवर झोपून गुडघे वर घ्यायचे आणि बोट पोचेल तितकी गोळी आत सरकवायची. गर्भाशयाचं तोंड बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, गोळी त्याच्याजवळ हवी. मी पहिल्यांदा लाजून योनीच्या तोंडाशीच ठेवली. सकाळी न्हाणीत ओल्या खडूसारखा अर्धा तुकडा बाहेर आला. पुढं पाळी नऊ दिवस लांबली. ते नऊ दिवस मी कसे काढले, मलाच माहीत.

मग थांबायचं, 10 ते 15 मिनिटं, पाकिटावर लिहिलं असेल तेवढी. गोळी विरघळली तरच त्यातलं नॉनॉक्सिनॉल-9 हे औषध शुक्रजंतूंचं आवरण फोडतं. नवरा ‘झालं का’ म्हणतो, म्हणू दे. तेवढ्यात उठून दार लावायला, लेकराला पांघरूण घालायला जायचं नाही, ती कामं आधी उरकायची. गोळी ठेवून तासभर उलटला तर नवी गोळी. दुसऱ्यांदा जवळ आलात तरी नवी. ‘एक गोळी रातभर पुरते’ असं सांगणारीचं अजिबात ऐकू नका.

संबंधानंतर 6 तास आतून धुवायचं नाही. बाहेरून धुतलं तर चालतं.

नुसत्या गोळीवर माझा भरवसा नाही. वर्षभर हीच वापरणाऱ्या 100 बायकांपैकी साधारण 21 जणींना दिवस जातात. निरोध सोबत हवाच. गोळीनं गुप्तरोग थांबत नाहीत. उलट वरचेवर वापरली तर आतली त्वचा सोलवटते आणि एचआयव्हीचा धोका वाढतो. ज्यांना ती भीती आहे, त्यांनी हिच्या वाटेलाच जाऊ नये. आग झाली, लघवीला जळजळ झाली तर गोळी बंद करून डॉक्टरांना दाखवा.

गोळी विसरली, निरोध फाटला तर तातडीची गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. ती आशाताईकडं मिळते. जाताच आहात तर ‘छाया’ ही गिळायची गर्भनिरोधक गोळी आणि ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनाचंही विचारून घ्या. मी शेवटी तांबी बसवली.