मारबत, दीक्षाभूमी, बर्डी: गर्दीत जाताना या चुका टाळा

नागपुरातली गर्दी तीन जातींची असते. दिवाळीच्या आठवड्यात बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवर माणसं दोन्ही दिशांनी चालतात आणि मधेच दुकानासमोर थबकतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत सगळी गर्दी एका चालत्या पुतळ्याभोवती, म्हणजे इडा पीडा घालवायला मिरवून जाळतात त्या मारबतीभोवती, गोळा होते. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोकांना एकाच स्तूपापाशी पोचायचं असतं. गर्दीची जात वेगळी असली तरी लोक चुका त्याच करतात, आणि दरवर्षी करतात. आत कसं शिरायचं याचा विचार प्रत्येक जण करून येतो. बाहेर कसं पडायचं हे मात्र आत अडकल्यावर आठवतं.

हलणाऱ्या वस्तूपाशी भेटायचं ठरवणं

ही सगळ्यात लाडकी चूक. वर्ध्याहून, उमरेडहून कुणीतरी कुटुंबकबिला घेऊन मारबत पाहायला येतं. सोबत काकू, आजी, दोन पोट्टे. जगनाथ बुधवारीत पिवळी मारबत समोर उभी असते, आणि लांबूनही दिसेल एवढी उंच असते. घरातला मोठा माणूस फर्मान काढतो, "हरवले तं पिवळ्या मारबतीपाशी येजा." सगळे माना डोलावतात. थोड्या वेळाने "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठते आणि भेटायची जागाच चालायला लागते.

पुढे काय होतं ते ऐका. लहाना पोट्टा शहाणा, म्हणून मारबत जिथे उभी होती तिथेच थांबतो. काकू मारबतीच्या मागे चालत राहतात. मोठा माणूस गर्दीच्या पुढे जाऊन शहीद चौकात वाट पाहतो, कारण त्याच्या हिशेबाने मारबत तिकडूनच येणार. सांगितलं तसंच तिघंही वागलेले असतात आणि तिघं तीन ठिकाणी असतात. फोन लागत नाही. मग आजीचा रक्तदाब वाढतो, कुणी रडतं, कुणी ओरडतं, आणि बडगे, म्हणजे मारबतीसोबतचे टीका-टवाळीचे पुतळे, कोणते निघाले होते ते घरी जाऊन टीव्हीवर पाहावं लागतं.

ही चूक सुधारली की दुसरी तयार असते: "बरं, मग नेहरू पुतळ्यापाशी भेटू." पुतळा हलत नाही हे खरं, पण काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात ती हीच जागा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. एवढ्या वर्षांत ही भेट पाहायला तिथे किती लोक जमतात हे सांगायला नको. बर्डीतही तेच. "व्हरायटी चौकात भेटू" म्हणजे नेमकं कुठे? त्या चौकाचे कोपरे मोजा आणि मग बोला.

भेटायची जागा न हलणारी हवी, गर्दीच्या बाहेर हवी आणि अंधारातही ओळखू येईल अशी हवी. एक गोष्ट मात्र कुणालाच सुचत नाही. मिरवणूक रस्त्याचे दोन भाग करते आणि ती जाईपर्यंत ओलांडता येत नाही. त्यामुळे जागा दोन ठरवायच्या, मिरवणुकीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. इतवारीसाठी चितारओळी चौक किंवा अग्रसेन चौक मेट्रो स्टेशन धरा. स्टेशनवर उजेड असतो, सुरक्षारक्षक असतो, आडोसा असतो. फक्त "स्टेशनवर" एवढं सांगून सोडू नका. कुठलं गेट, जिन्याच्या वर की खाली, हेही ठरवा. बर्डीला जाणार असाल तर सीताबर्डी स्टेशन टाळा. ॲक्वा आणि ऑरेंज या दोन्ही लाइन तिथे एकत्र येतात आणि सणाच्या दिवशी ते स्टेशन हीच वेगळी जत्रा असते. त्याऐवजी झाशी राणी चौक स्टेशन घ्या.

वेळेचा नियमही सोपा ठेवा. हरवल्यावर पुढच्या पूर्ण तासाला, म्हणजे बाराला, एकला, दोनला, जागेवर यायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. कुणी आलं नाही तर तिथून निघायचं आणि पुढच्या तासाला परत यायचं. यात फोनची गरजच पडत नाही.

लहान मुलांना मात्र हा नियम सांगत बसू नका. त्यांना दोनच गोष्टी पाठ करून घ्यायच्या: हरवलास की शोधायला निघायचं नाही, आणि दुकानाच्या गल्ल्यावरच्या माणसाला किंवा वर्दीतल्या पोलिसाला सांगायचं. फोन नंबर हाताच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईच्या मार्करने लिहा. बॉलपेनचा नंबर घामाने अर्ध्या तासात जातो. खिशात चिठ्ठीही ठेवा. नाव शर्टावर बाहेरून दिसेल असं लिहू नका, कुणीही नावाने हाक मारून बोलावू शकतो. निघण्याआधी त्याच कपड्यांत एक फोटो काढून ठेवा. "निळा शर्ट होता वाटतं" यावर पोलीस काय शोधणार? मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८.

फोनवर विसंबणं

एका टॉवरची क्षमता ठरलेली असते. हजारो लोक एकाच वेळी व्हिडिओ पाठवायला लागले की कॉल लागत नाही आणि व्हॉट्सॲपचं चाक फिरत राहतं. अशा वेळी साधा एसएमएस पाठवा. त्याला जागा फार कमी लागते आणि उशिरा का होईना, तो पोचतो. नेटवर्क शोधता शोधता बॅटरी भराभर उतरते, म्हणून काम नसेल तेव्हा फोन फ्लाइट मोडवर ठेवा. पैशांचंही तेच. पाण्याच्या बाटलीसाठी क्यूआर स्कॅन करत रांग अडवणाऱ्यांबद्दल बोलावं तेवढं थोडं. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा मिळून पाचशे रुपयांची चिल्लर पुढच्या खिशात ठेवा आणि मोकळे व्हा.

"काही होत नाही बे" म्हणत पुढे घुसणं

हे वाक्य बोलणारा प्रत्येक घोळक्यात एक तरी असतोच. मारबतीला हात लावायचाय, सेल्फी काढायचाय, म्हणून हा कोपरं मारत पुढे सरकतो आणि मागे चार जणांना ओढत नेतो. भैताडपणा आहे हा, दुसरा शब्द नाही.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेत चार माणसं असली तर दाटी वाटते, पण पाऊल आपण टाकतो. सहा-सात झाली की पाऊल आपलं राहत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावे घेते, मागून आलेला धक्का पुढे वाढत जातो आणि ज्याने ढकललं त्याला त्याचा पत्ताही नसतो. चेंगराचेंगरीत माणसं तुडवली जाऊन मरतात असा समज आहे. प्रत्यक्षात अनेकांचा जीव उभ्या उभ्याच जातो, कारण छाती दाबली गेल्यावर ती फुगत नाही आणि श्वास घेता येत नाही. सोलमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उताराच्या गल्लीत हेच झालं, आणि १५९ जीव गेले. इतवारी-महालातल्या कित्येक बोळी याहून अरुंद आहेत. लांबचं कशाला, बर्डीतल्या ज्या उड्डाणपुलावरून आपण रोज जातो त्याला गोवारी शहिदांचं नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला, हिवाळी अधिवेशनावर आलेल्या मोर्चात चेंगरून ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि लेकरंही होती. नागपूरकराने तरी "काही होत नाही" म्हणू नये.

दर काही मिनिटांनी स्वतःची परीक्षा घ्यायची. हात वर करून नाक खाजवता येतं का? जागच्या जागी मागे वळता येतं का? दोन्ही खांद्यांना अनोळखी खांदे लागत असतील तर बाहेर पडायची वेळ झाली. आणखी पाच मिनिटं थांबलात तर ती संधी राहणार नाही.

तरीही अडकलात तर दोन्ही हात छातीसमोर घ्या, कोपरं अंगापासून थोडी पुढे ठेवा, म्हणजे छातीपुढे बोटभर जागा राहते. एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून उभे राहा. धक्का आला तर त्याच्याविरुद्ध जोर लावू नका, त्याच्यासोबत जा. लाट ओसरली की पुढच्या लाटेआधी काही क्षण मिळतात, त्यात तिरपं सरका, एकेक पाऊल कडेकडेला. मात्र भिंत, बॅरिकेड किंवा बंद शटरला पाठ लावून उभं राहू नका, सगळा दाब तिथेच येऊन थांबतो. ओरडून दम घालवू नका. मोबाइल पडला तर पडला. तो उचलायला वाकलेला माणूस परत उभा राहीलच असं नाही. लहान मूल असेल तर खांद्यावर घ्या. हात धरून चालवलेलं मूल मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर असतं, तिथे हवाही कमी आणि तुमचं लक्षही कमी.

कान

डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्यांना सांगून उपयोग नाही, पण पोट्ट्यांना तिथे उभं करणाऱ्यांना सांगायलाच हवं. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो असं धरलं तर दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात, आणि डीजेजवळ त्याहून जास्त आवाज असतो. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते लोक नुसते कानात खोचतात आणि "काही फरक नाही" म्हणून फेकतात. दोन बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचे. कापूस घालून भागत नाही.

अर्धशिशी असलेले, म्हातारी माणसं आणि आवाज सहन न होणारी मुलं यांच्यासाठी चाळीस मिनिटं आत आणि पंधरा मिनिटं बाहेरच्या शांत गल्लीत, असा हिशेब ठेवा. मूल एकदम गप्प झालं किंवा खाली बसायला लागलं तर ते हट्ट करत नाहीये. डोकं भरलंय त्याचं. तेव्हा त्याला कुल्फीचं आमिष दाखवून आणखी आत नेऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

सकाळी तर्री पोहे चालतील, पण गर्दीत शिरण्याआधी झणझणीत सावजी जेवण चापणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

स्वच्छतागृह सापडणार नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते. आधी जागा हेरून ठेवा आणि घोट घोट पीत राहा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते अख्खं ओतणारे बरेच भेटतात, आणि त्याने फायद्याऐवजी त्रासच होतो.

सँडल नको, बंद बूट घाला आणि लेसच्या टोकांना आत खोचा. ओढणी पिन करा.

मारबत जाळतात तेव्हा धूर तुमच्याकडे येणार नाही अशा बाजूला उभे राहा. कॉन्टॅक्ट लेन्स घरी, चष्मा डोळ्यांवर.

इतवारीत कार? बोलायलाच नको.

दीक्षाभूमीसाठी थोडं वेगळं. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली तेव्हा विजयादशमी होती. त्यामुळे तारखेला आणि तिथीला, दोन्ही दिवशी लोक येतात, पण मोठी गर्दी विजयादशमीची. तारीख पाहून निघालेले कधी रिकाम्या रस्त्यावर उतरतात, कधी भलत्याच गर्दीत. काँग्रेसनगर किंवा रहाटे कॉलनी स्टेशनवरून चालत जायची तयारी ठेवा. चपला बाहेर सोडू नका, कापडी पिशवीत घालून जवळ ठेवा, कारण परतीच्या वाटेवर चपला शोधायला वाकलेले लोकच रांग तुंबवतात. पुस्तकांचे स्टॉल दिसले की हात आवरत नाहीत, ते साहजिक आहे. तरी आधी दर्शन आणि मग पुस्तकं. दहा किलोची थैली एका हातात आणि लेकरू दुसऱ्या हातात घेऊन रांगेत उभं राहायचं नसतं. थैली पाठीवर नको, पोटावर घ्या.

आणि सगळे उठले की लगेच उठू नका. मिरवणूक किंवा कार्यक्रम संपल्यावरच्या अर्ध्या-पाऊण तासात गर्दी सर्वांत जास्त दाटते, तेवढा वेळ बाजूला बसून चहा घ्या. मेट्रोत परतायचं असेल तर महा कार्डात पैसे सकाळीच भरून ठेवा आणि जवळचं स्टेशन सोडून एक स्टेशन पुढे चालत जा. दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं, पण जवळच्या स्टेशनवर रांगेत उभे असलेले अजून जिन्यावरच असतात तेव्हा तुम्ही गाडीत बसलेले असता.