दादाभाई नौरोजींवर पाच मिनिटांचं भाषण कसं बसवायचं

पहिलं म्हणजे ते 'भारताचे पितामह' वालं वाक्य काढून टाका, सगळे तिथूनच सुरू करतात आणि मागचे बाकडे लगेच झोपतात. तुम्ही डायरेक्ट १८५५ ला या. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधला गणिताचा प्रोफेसर नोकरी सोडून लंडनला कामा कंपनीत पार्टनर म्हणून जातो, तिथे अफू-दारूचा पैसा नको म्हणून बाहेर पडतो आणि १८५९ ला स्वतःची कापसाची फर्म काढतो. इथे घाई करू नका, कारण देशाची संपत्ती बाहेर कशी जाते हे पुढे त्यांनी आकड्यांत मांडलं, आणि माझ्या मते हिशेब मांडायचा हात व्यापारातच बसला असणार.

१८८६ ची ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीतली लंडनच्या होलबर्न मतदारसंघातली हार एका वाक्यात उरका. मग ब्रिटिश पंतप्रधान सॅलिस्बरीचा त्यांना मारलेला तो 'काळा माणूस' टोमणा, आणि १८९२ ला फिन्सबरीतून विजय, तोही फक्त ५ मतांनी! हा आकडा पाच बोटं वर करून सांगा. लोकांनी नौरोजीचं 'नॅरो-मेजॉरिटी' केलं होतं, म्हणजे काठावर पास, यावर हशा येतोच.

लंडनला कोणी ओळखीचं असेल तर पेंजमधल्या ७२, अनर्ली पार्क या त्यांच्या घरावरच्या निळ्या पाटीचा (नामवंत जिथे राहिले त्या घरांवर लंडनमध्ये लावतात ती) फोटो मागवा, शेवटच्या स्लाईडला तोच लावा.